आक्काचा समुद्र

निपाणीत आमच्या आक्काच्या घरात पाणी वरून प्यायला बंदी होती. भांडं ओठांपासून चार बोटं वर धरायचं आणि घशात धार सोडायची, ही आपल्याकडची चांगल्या घरातली रीत. भांडं उष्टं होऊ नये म्हणून आया ती मुलांना लहानपणीच शिकवतात. आक्काच्या घरात कुणी असं पाणी प्यायलं की आक्का हातातलं भांडं हिसकावून घ्यायची. मग तो पाहुणा असो, पोस्टमन असो, नाहीतर शाळेचे हेडमास्तर असोत. "तोंड लाव," म्हणायची. "माझ्या भांड्याला तोंड लाव. उष्टं झालं तर घासाय राख हाय माझ्याकडं." माझ्या चुलतबहिणीला बघायला आले होते तेव्हा मुलाच्या मामाने अशीच ऐटीत धार सोडली. आक्काने त्यांच्या हातातला पेला काढून घेतला आणि ते स्थळ तिथल्या तिथे मोडलं. घरचे कितीतरी दिवस तिच्याशी बोलत नव्हते. तिला त्याचं काही वाटलं नाही. "आपलीच माणसं आपल्या घरात वरनं प्याय लागली म्हंजे झालंच की," एवढंच ती म्हणाली.

आक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नात्याने माझी आत्या. पण अण्णा तिला आक्का म्हणत म्हणून आई म्हणे, मी म्हणे आणि सगळं भीमनगर म्हणे. लोक तिला रागीट म्हणायचे. तोंडाळ म्हणायचे, खाष्ट म्हणायचे. हे शब्द वापरणाऱ्यांचा मला आजही राग येतो. रागीट माणूस कशावरही चिडतो. आक्काचं तसं नव्हतं. दूध उतू गेलं, कोंबडी चोरीला गेली, तिच्या ठेवणीतल्या साडीवर मी शाईची दौत सांडली, तरी ती कधी चिडली नाही. तिचा राग एकाच जागी जायचा, आणि त्या जागी तो जायलाच पाहिजे होता.

ती तंबाखूच्या वखारीत कामाला होती. तोंडाला पदर बांधून दिवसभर तंबाखू चाळायची आणि घरी आल्यावर रात्रभर खोकायची. वखारीच्या अंगणात पाण्याचा रांजण होता. आमच्या वस्तीतल्या बायकांनी त्याला हात लावायचा नाही. तहान लागली की रांजणापासून लांब उभं राहून ओंजळ करायची आणि दुसऱ्या कुणीतरी येऊन वरून पाणी ओतायचं. ओतणारं माणूस कामात असलं तर ओंजळ तशीच धरून उभं राहायचं. "पाणी मागाय लागलं की माणसाचा आवाज बारीक व्हतोय," ती मला सांगायची. "माझा झाला न्हाय, म्हणून मला सगळ्यात शेवटाला मिळायचं." पुढे भीमनगरात तिने दोन खोल्या बांधल्या, दारात नळ आला, आणि नळ आला त्या दिवसापासून तिच्या घरात तो नियम लागू झाला.

राग आला की आक्का लगेच बोलत नसे. कमरेच्या बटव्यातून मिश्रीची डबी काढायची, भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड बोटावर घ्यायची आणि दात घासत बसायची. सावकाश, दाढासुद्धा न चुकवता. मग उठून बाहेर जायची, थुंकून चूळ भरून यायची आणि मग बोलायची. डबी निघाली की शहाणी माणसं चपला शोधू लागत. लगेच का बोलत नाहीस, असं मी एकदा विचारलं होतं. म्हणाली, "लगीच बोललं की शिवी भाईर पडती. घासून बोललं की खरं भाईर पडतंय."

तिने अण्णांना वखारीची पायरी चढू दिली नाही. शाळेत घातलं, मागे लागून शिकवलं. अण्णा बेळगावला विमा कचेरीत अधिकारी झाले, खासबागेत घर बांधलं, जुनी का होईना अॅम्बेसेडर घेतली आणि शहरातल्या एका क्लबाचे सभासदही झाले. माझे वडील भले गृहस्थ होते. पण 'जाऊ दे' हा त्यांचा मंत्र होता. कचेरीतले दोघे डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात? जाऊ दे. शेजारची बाई हळदीकुंकवाला सगळ्या गल्लीला बोलावते आणि आईलाच विसरते? जाऊ दे, काळ बदलतोय. हे ऐकलं की आक्काचा हात बटव्याकडे जायचा. "जाऊ दे म्हंजे कुठं जाऊ दे, येशवंता?" ती म्हणायची. "त्ये कुठंबी जात न्हाय. गाव फिरून परत आपल्याच दारात येऊन बसतंय." मी तेव्हा अकरावीत होते. अण्णांचं ऐकताना अण्णा पटायचे आणि आक्काचं ऐकताना आक्का. पण झोप उडवायची ती आक्काच.

अशा घरात ऐंशी सालानंतरच्या एका दिवाळीच्या सुट्टीत लेना राहायला आली. अण्णांच्या क्लबात परदेशी विद्यार्थ्यांच्या अदलाबदलीची योजना होती. तिकडची मुलगी इकडे काही महिने राहायची, तीन घरांत मिळून. लेना डेन्मार्कची, माझ्याच वयाची, दारात वाकून यावं लागेल इतकी उंच. पहिल्या पाळीला ती कॅम्पातल्या एका वकिलांकडे होती, दुसरी पाळी आमची. आपल्या घराची निवड झाली याचा अण्णांना इतका आनंद झाला की त्यांनी घराला रंग दिला आणि काटेचमचे आणले. ते तिने एकदाही वापरले नाहीत. पोरगी गुणी होती. वकिलांकडे तिला जे जे शिकवलं होतं ते ती जीव ओतून पाळायची. जेवायला उजवा हात, पाय लागला की नमस्कार, आणि पाणी वरून. पाण्याने सुरुवातीला तिचे सगळे कपडे भिजायचे. पण हट्टाने सराव करून करून तिने ते साधलं होतं आणि त्याचा तिला फार अभिमान होता.

अण्णांनी सुट्टीत गाडीने गोव्याला जायचा बेत केला. त्याआधी लेनाला निपाणीला नेऊन आक्काची भेट घडवायची ठरलं. आक्काने भाकरी, तांबडा रस्सा आणि वाटीभर दही केलं होतं. लेना चटईवर मांडी घालून जेवली. डोळ्यांतून पाणी येत होतं, तरी दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतला. आक्का तिच्यावर खूश होती. मग लेनाने पेला उचलला, मान मागे टाकली आणि वरून सुरेख धार सोडली. एक थेंब सांडू दिला नाही. पेला अजून हातातच होता आणि ती शाबासकीसाठी आमच्याकडे बघत होती.

आक्काने झडप घालून पेला घेतला. "तोंड लाव!" लेनाचा चेहरा पांढराफटक पडला. आक्काने त्या पेल्यात परत पाणी भरलं, आधी स्वतः ओठ लावून एक घोट घेतला आणि तोच पेला तिच्यापुढे धरला. "घे." लेना माझ्याकडे बघू लागली. मी मान हलवली. तिने दोन्ही हातांनी पेला धरला आणि ओठ लावून सगळं पाणी पिऊन टाकलं.

माझं काय चुकलं, असं तिने अण्णांना इंग्रजीत विचारलं. अण्णा हसले. म्हणाले, "काही नाही. जुन्या वळणाची बाई आहे. म्हाताऱ्या माणसांच्या काही लकबी असतात." लकब! तो रांजण, ती ताटकळलेली ओंजळ, ते सगळं अण्णांनी एका शब्दात पुसून टाकलं. मला इतका संताप आला की मी ताटावरून उठले. आक्काला इंग्रजी येत नव्हतं, पण अण्णांचं ते हसणं तिला चांगलं कळायचं. तिची डबी निघाली आणि अण्णा चपला शोधत बाहेर गेले.

दुपारी दोघींची गट्टी जमली. मध्ये दुभाषी मी. आक्काने विचारलं, तुझ्या गावात काय हाय? लेना म्हणाली, समुद्र. आमच्या घराच्या मागेच. आक्का सुपारी कातरायची थांबली. उभ्या आयुष्यात तिने चिकोडी, कोल्हापूर आणि आमचं बेळगाव यापलीकडे काही पाहिलं नव्हतं. "त्येला दुसरा काठ दिसत न्हाय म्हणत्यात, खरं हाय व्हय?" खरं आहे. "पाणी खारट?" खारट. "मग त्येच्यावर मालक कोण?" लेनाला प्रश्न कळेना. कुणीच नाही, ती म्हणाली, कुणीही जावं, कितीही आत जावं. आक्काने अडकित्ता खाली ठेवला. "एवढं पाणी," ती म्हणाली, "आन् वाढाय कोण उभा न्हाय." मग अण्णांना हाक मारून सांगितलं, "येशवंता, मी बी येतो गोव्याला."

आक्काने आपण होऊन काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे तिने मागितलं. बेळगावला येताना ती नवी चप्पल घालून आली आणि पिशवीत झाकणाचा एक रिकामा डबा घेऊन आली. वखारीतल्या बायकांना चाखायला ती समुद्राचं पाणी आणणार होती. खासबागेत ती रात्री लेनाला सारखी विचारत होती, लाट येते तेव्हा पायाखालची वाळू सरकते म्हणजे नेमकं काय होतं.

गोव्याला जायचे रुळलेले रस्ते सोडून अण्णांनी जांबोटीचा रस्ता धरला. लेनाला जंगल दाखवायचं होतं आणि कचेरीत कुणीतरी हा रस्ता जवळचा म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तो नावालाच रस्ता होता. जांबोटी मागे पडली, खड्डे आणि चढ सुरू झाले आणि अॅम्बेसेडर तापली. बॉनेटमधून वाफा निघायला लागल्यावर अण्णांनी गाडी एका वाडीपाशी उभी केली. समोर एक ऐसपैस घर होतं. खळ्यावर भाताची झोडणी चाललेली, मागच्या परड्यात विहीर. घरातला म्हातारा पुढे आला. मोठा अगत्याचा माणूस. "या, या, पावनं," म्हणत त्याने बाहेरच्या सोप्यावर आमच्यासाठी घोंगडं पसरायला घेतलं. गाडीला पाणी पाहिजे म्हटल्यावर गड्याला हाक मारून विहिरीचं काढायला सांगितलं.

आणि मग आपल्याकडचा तो जुना सवालजबाब सुरू झाला. "कुठनं आलासा?" बेळगावहून, अण्णा म्हणाले. "मूळ गाव?" निपाणी. "निपाणीत कुठं म्हणायचं?" अण्णा म्हणाले, "स्टँडच्या पलीकडं."

"भीमनगर," आक्का म्हणाली. "नीट सांग की रं त्यास्नी."

म्हाताऱ्याचा चेहरा बदलला नाही. हसूसुद्धा तेच राहिलं. फक्त त्याने अर्धं पसरलेलं घोंगडं परत गुंडाळलं. "हितं वारं लागंल तुमास्नी," तो म्हणाला. "तिकडं गोठ्यापाशी सावली हाय बघा." मग लेनाकडे बघून सुनेला हाक मारली, "मडमीला आत घे गं. च्या ठेव." लेनाला सोप्यावरून आत नेलं. तिला वाटलं आम्ही मागून येतोय. आम्ही गोठ्याच्या भिंतीपाशी बसलो, शेणाच्या पाट्यांशेजारी.

गड्याने बादली भरून आणली. घरातलीच, घासूनपुसून लख्ख केलेली पितळी बादली. अण्णांनी तिला हात लावायचा नव्हता म्हणून गड्यानेच ती गाडीत ओतली, मग दुसरी आणली, तीही ओतली. त्यानंतर सून तांब्या घेऊन आमच्यापुढे उभी राहिली. पेला नव्हता. तिने तांब्या उंच धरला.

आणि अण्णांचे हात आपोआप वर आले. इस्त्रीचा शर्ट, मनगटावर घड्याळ, विमा कचेरीतला अधिकारी. आणि त्याने वाकून, कोपरं जुळवून, इतकी सराईत ओंजळ केली की जणू उभा जन्म वखारीत काढला होता. मी माझ्या वडिलांना तसं कधी पाहिलं नव्हतं. त्यांना ते येतं हेच मला माहीत नव्हतं. ते प्यायले. आई प्यायली. मी मान हलवून नको म्हटलं. आक्का हात मांडीवर ठेवून बसून होती. सून म्हणाली, "घ्या की वो म्हातारे." आक्काने तिच्याकडे बघितलंही नाही. ती अण्णांच्या भिजलेल्या मनगटांकडे बघत होती.

तेवढ्यात लेना बाहेर आली. हातात केळी, चेहरा फुललेला. किती चांगली माणसं आहेत, तिने मला इंग्रजीत सांगितलं. आणि तुम्हाला त्यांनी स्वतःच्या हाताने पाणी घातलं, पाहुण्यांना इतका मान देतात, हे तर मला वकिलांकडे कुणी शिकवलंच नाही.

"काय म्हणाली?" आक्काने विचारलं.

मी मराठीत सांगितलं. शब्दन् शब्द.

"तिला खरं काय त्ये सांग."

"सुमन, नको," अण्णा म्हणाले. "परक्या पोरीपुढं आपलीच लाज कशाला काढायची? जाऊ दे."

"आपली लाज?" आक्का म्हणाली. "आपली व्हय रं ती?"

मी सांगितलं. तिथेच, गोठ्यापाशी उभं राहून, म्हाताऱ्याच्या आणि सुनेच्या देखत. रांजण सांगितला, ओंजळ सांगितली, घोंगडं का गुंडाळलं ते सांगितलं, तू आत आणि आम्ही इथे का ते सांगितलं, आणि निपाणीला तुझ्या हातातला पेला का हिसकावला तेही सांगितलं. माझं इंग्रजी तेव्हा शाळेतलं होतं, पण या कामाला पुरलं. लेनाच्या हातातली केळी खाली पडली. अण्णा गाडीकडे तोंड करून उभे राहिले.

आक्काने डबी काढली. तिने दात घासले, सगळे, आणि आम्ही सगळे उभे. मग ती उठून अंगणाच्या बाहेर रस्त्यावर गेली आणि तिथे थुंकली, कारण दुसऱ्याच्या अंगणात थुंकणं तिला पसंत नव्हतं. परत येऊन म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"गाडीला बादली दिलीस," ती म्हणाली. "माणसाला वंजळ. गाडीला जात नसती व्हय रं?"

म्हातारा अजूनही गोडच बोलत होता. "तसं न्हवं ओ बाई. तुमी शिकलेली माणसं, आमाला काय न्हाय त्येचं. खरं घरात देव हाईत, जुनी माणसं हाईत..."

"मला आक्का म्हणत्यात," ती म्हणाली. "आन् जुनं माणूस मी बी हाय." मग ती अण्णांकडे वळली. त्या वेळी मात्र तिचा आवाज फाटला. "ह्या हातात पेन यावं म्हणून मी धुरळा खाल्ला, येशवंता. काय केलंस रं ह्या हाताचं?"

तिने पिशवी उचलली आणि जांबोटीच्या दिशेने चालायला लागली. त्या घरचं पाणी ज्या गाडीत आहे त्या गाडीत ती बसणार नव्हती. मी तिच्या मागे धावले, माझ्यामागे लेना. आई अण्णांजवळ थांबली. थोड्या वेळाने अॅम्बेसेडर वळून आमच्या मागून यायला लागली, अगदी पायी चालल्यासारखी, मध्येच हॉर्न वाजवत. आक्काने मागे वळून पाहिलं नाही. नवी चप्पल चावायला लागल्यावर तिने ती काढून पिशवीत टाकली आणि अनवाणी चालू लागली.

लेना रडत होती. मी परत जाते आणि त्या म्हाताऱ्याला जाब विचारते, असं ती म्हणत होती. मी ते आक्काला सांगितलं, तर आक्का तिच्यावरच उखडली. "तू कोण भांडणारी? तुला आत बोलावलं, तू गेलीस. च्या पिऊन झाला न्हवं? माझं भांडण मी भांडतो." हे बोलणं लागट होतं. मी ते जसंच्या तसं लेनाला सांगितलं, कारण त्या दिवशी माझ्या तोंडून गुळगुळीत काही निघणं शक्य नव्हतं. लेना दोन पावलं मागे पडली. पण मागे गाडीत जाऊन बसली नाही, हे मी तिच्या बाजूने सांगते.

पुढे रस्त्याला ओढा लागला. पावसाचं पाणी अजून वाहत होतं. तिथे अण्णांनी गाडी थांबवली, खाली उतरले आणि त्या धुळीत उताणे पडून गाडीखाली सरकले. इस्त्रीच्या शर्टासकट. रेडिएटरच्या बुडाची तोटी त्यांनी फडक्याने धरून फिरवली. हात भाजला असणार, कारण एकदा ओरडले. पाणी रस्त्यावर वाहायला लागलं, वाफाळलेलं, गंजाने लालसर झालेलं. आक्का थांबली. दोन्ही हात कमरेवर ठेवून ती ते पाणी जाताना बघत राहिली. धारेचे थेंब झाले, थेंब थांबले. मग अण्णांनी आक्काच्याच पिशवीतला तो रिकामा डबा मागून घेतला आणि ओढ्यावर खेपा घालून गाडी भरली. घामाने आणि चिखलाने त्यांचा अवतार झाला होता. त्यांनी मागचं दार उघडलं आणि नुसते उभे राहिले. आक्का आत बसली.

"आता वळवू?" अण्णांनी विचारलं. "आजून उजेड हाय. सांजेपातूर पोचू समुद्राला."

तिथून पुढे जायचा रस्ता एकच होता आणि तो त्या घरावरून जात होता.

"त्या दारावरनं मी जाणार न्हाय," आक्का म्हणाली. "समुद्र बघाय म्हणून मान खाली घालून जायाचं व्हय? घराकडं चल."

आम्ही खासबागेला परत आलो.

त्यानंतर लेना आमच्याकडे राहिली तोवर नीट वागली, म्हणजे आधीसारखी उत्साहाने शिकायची थांबली आणि विचारायला लागली. कशाला? कुणी ठरवलं? अण्णांना ते प्रश्न जड जायचे. तिची पाळी संपली आणि ती हुबळीला तिसऱ्या घरी जायला निघाली, तेव्हा आक्का मुद्दाम निपाणीहून स्टेशनवर आली होती. लेनाने माझ्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं होतं. गाडी सुटायच्या आधी तिने आक्काचे दोन्ही हात धरले आणि म्हटलं, "आक्का, मला माफ कर."

दुसरी कुठलीही म्हातारी त्यावर विरघळली असती. आक्का म्हणाली, "तू कशाला माफी मागतीस? ज्येनं मागायची त्येनं मागितली न्हाय. तू त्येच्या वाटणीची मागून टाकलीस तर त्यो सुटला की." मग तिने लेनाचं डोकं ओढून खाली घेतलं, कारण त्याशिवाय हात पोचत नव्हता, आणि तिच्या कपाळावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. मी पहिलं वाक्य लेनाला समजावून सांगेपर्यंत गाडी हलली. खिडकीतून ती मान हलवत होती. कळलं, कळलं, असं.

पुढच्या दिवाळीला आंबोलीच्या रुळलेल्या रस्त्याने जाऊ, असं अण्णा म्हणत राहिले. पण एका दिवाळीला त्यांची बदली आली आणि दुसऱ्या दिवाळीला आक्काची छाती भरली. इतक्या वर्षांच्या धुरळ्याने आत काही शिल्लक ठेवलं नव्हतं. अण्णांनी रजा काढून तिला खासबागेत आणलं. तोवर ती जांबोटीची गोष्ट आमच्या पैपाहुण्यांत सगळीकडे पोचली होती. लग्नाकार्यात पंगती उठल्या की कुणीतरी ती काढायचं, अण्णाही हसत हसत भर घालायचे. 'आक्कानं रागापायी समुद्र घालवला,' हा तिचा शेवट. लोक खो खो हसायचे. त्या हसण्यात बसलेली मला मी आठवते, दात आवळून.

शेवटच्या दिवसांत एकदा अण्णा तिच्या उशाशी बसले होते. तिचा हात हातात घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मायेनेच म्हणाले, "आक्का, त्या दिवशी जरा सोसलं असतंस तर समुद्र बघितला असतास गं. रागापायी घालवलास बघ."

आक्काने डोळे उघडले. बोलायला दम नव्हता. दोन शब्दांमध्ये ती थांबत होती.

"म्या न्हाय घालवला, येशवंता. त्येनी घालवला. सांगतानं नीट सांगत जा."

त्यानंतर अण्णांनी ती गोष्ट कधीच कुणाला सांगितली नाही. नीट सांगायची तर ती हसण्यासारखी उरत नव्हती, आणि हसण्यावारी नेल्याशिवाय सांगणं त्यांना जमणार नव्हतं. म्हणून मी सांगते आहे. आमच्या आक्काला समुद्र बघायचा होता. ती निघाली होती. जांबोटीच्या पुढच्या एका घराने तो तिला बघू दिला नाही.